बंदुकीचा टेकू

दापोलीच्या कादिरने उभ्या जन्मात डासाखेरीज काही मारलं नव्हतं. पण जेद्द्याच्या बलद या जुन्या बाजारात, शिकारीच्या सामानाच्या ज्या दुकानात तो कामाला होता, तिथे बंदुकीच्या टेकूंबद्दल तो असं बोलायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, याच्या घरच्या भिंतीवर वाघ टांगलेत. त्या बडबडीला मालक अबू सौदही भुलला.

"शिकारीला चल. टेकू तू निवड. नीट निवडलास, तर तुझ्या लेकीच्या निकाहाला सुट्टी पक्की."

कादिरने दुकानातल्या फरशीवर एकेक टेकू उभा करून पाहिला. फरशीवर काय, सगळंच सरळ उभं राहतं. माणसंसुद्धा.

शिकारीला गेल्यावर मात्र वाळूत बायपॉडचे दोन्ही पाय रुतले. काळ्या दगडांच्या माळावर ट्रायपॉड घसरून असा खणखणला, की ससा पसार. उरली वाळूची पिशवी. झुडपांनी भरलेल्या कोरड्या ओढ्यात ती मांडून अबू सौद पालथा पडला, तेव्हा त्याला समोर फक्त काटे दिसले.

तेवढ्यात पलीकडे दुसरा ससा थांबला. अबू सौद उठून गुडघ्यावर आला आणि पुढ्यात बसलेल्या कादिरच्या खांद्यावर त्याने नळी ठेवली.

"हलू नकोस."

बंदुकीच्या तेलाचा उग्र वास नाकाशी आला. दुकानात कादिर रोज या माणसासाठी वाकत होता, त्याचं काही नव्हतं. पण हे? तो हळूच बाजूला सरकला.

"खांदा नाही मिळायचा, अबू सौद."

"सुट्टी नको?"

दुकानात कादिरच्या हाताखालचा शारीक, गुहागरचा, चहाची किटली टाकून रांगतच आला. "मी आहे ना, बाबा! कादिरभाई, सरका. डोळे मिटायचे, कान दाबायचा, निकाहात शेरवानी घालायची! त्यात काय एवढं?"

अबू सौद बिस्मिल्ला म्हणाला. बार झाला.

ससा पडला. शारीक कान चोळत, दात काढत धावला आणि रक्ताळलेला ससा वर धरून एवढ्या मोठ्याने ओरडू लागला, की जणू सगळं रानच बहिरं झालं होतं. अबू सौदने त्याच्या पाठीवर थाप मारली. चांगल्या उंटाला मारतात तशी.

जेवताना सशाचा रस्सा पुढे आला. कादिरने ताट बाजूला सारलं आणि कोरड्या खुबुस रोटीचा तुकडा चहात बुडवला. शारीक बोटं चाटत होता. "उद्या खांदा तुम्ही द्या, कादिरभाई. माझा उजवा कान वाजतोय. मी मालकाला सुट्टीचं सांगतो."

कादिरला त्या बोटांकडे बघवेना. त्याने अबू सौदकडे पाहिलं.

"सुट्टी खलास," अबू सौद हाड चोखत म्हणाला.

रेंज आली तसा कादिरने गावाला भावाला फोन लावला. "भाईजान, निकाहाला माझ्या जागी लेकीचा, इकराचा वकील म्हणून तुम्हीच बसा."

"का रे? मालक नाही म्हणाला?"

"नाही," कादिर म्हणाला. "मी नाही म्हणालो."