फुसक्या बारांचे खापर

मित्रांनो, मी एक जुनी पिन आहे. कागदांना टोचायची पिन समजाल, तर मला राग येईल. नेमबाजीच्या पिस्तुलात, घोड्याच्या पुढ्यात बसणारी मी पोलादी पिन, तुमच्या करंगळीच्या दोन पेरांएवढी. चाप दाबला की घोडा माझ्या पाठीत रट्टा घालायचा, मी पुढे उसळून काडतुसाला ठोकर मारायची आणि बार उडायचा. माझा सगळा प्रवास गव्हाच्या दाण्याएवढा. पण तेवढा केल्याशिवाय मला चैन पडत नसे. स्वस्थ बसणे माझ्या स्वभावातच नाही. म्हणून तर आज तुमच्याशी बोलते आहे.

लेथवर माझा जन्म झाला. कारखान्यातल्या तपासनीस बाईंनी माझ्या टोकावरून नख फिरवले आणि त्या म्हणाल्या, "ही झकास उतरलीय." तेव्हा मी लाजेने लाल झाले असते, पण नुकतीच पाण्यात बुडवून गार केली होती.

आमच्या पिस्तुलाची काडतुसे अगदी बारकी. त्यांना पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. मधोमध मारून उपयोग नाही, कडेवरच ठोकर बसावी लागते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढचे महाभारत त्यावरूनच घडले.

पिस्तूल क्लबाच्या मालकीचे. कपाटाची किल्ली शिकवणाऱ्या सरांकडे. आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी एक बाई येऊन ते हातात घ्यायच्या. रुग्णालयात तपासणीसाठी रक्त काढायचे, हे त्यांचे काम. क्लबात सगळे त्यांना सुईताई म्हणत. दहा वर्षांत त्यांनी कुणाला दुसऱ्यांदा सुई टोचली नव्हती, असा हात! त्या श्वास सोडायच्या, चाप कधी दाबला गेला ते मलासुद्धा कळायचे नाही आणि मी पुढे गेलेली असायची. सर नवशिक्यांना सांगायचे, "हात बघायचा असेल तर हिचा बघा."

तीन वर्षे सुखात गेली. मग एका संध्याकाळी घोडा पडला, मी उसळले, ठोकर मारली आणि नुसते 'टक' झाले.

मित्रांनो, बार फुसका गेला की लगेच काडतूस काढायचे नसते. ते उशिरानेही पेटू शकते. पिस्तुलाचे तोंड लक्ष्याकडेच धरून अर्धे मिनिट थांबायचे, हा नियम. ते अर्धे मिनिट! बिनशिजल्या भातासारखी मी आत अर्धवट पडलेली. माझे काय चुकले? कमी पडले का? तिकडे सुईताईंच्या मनगटातली नाडी मुठीतून मला ऐकू येत होती.

त्या दिवशी एक बार फुसका गेला. पुढच्या आठवड्यात तीन. महिन्याभरात तर प्रत्येक डबीत चार-पाच. आता चाप दाबताना त्यांच्या मनात एकच प्रश्न, वाजेल की नाही? त्या धसक्याने हात घट्ट व्हायचा आणि जी गोळी वाजायची तीही भरकटायची.

सर म्हणाले, "काडतुसं बॅगेत घेऊन फिरतेस, ओल लागते त्यांना. आणि हात बिचकतोय तुझा. चाप दाबताना नळी खाली जातेय, दिसतंय मला."

"पण सर, आधी बार फुसके जायला लागले, मग—"

"कारणं नकोत."

राष्ट्रीय स्पर्धेसाठी चार जणांचा संघ निवडायचा होता. सुईताई अडतिसाव्या वर्षी तिसऱ्यांदा प्रयत्न करत होत्या. निवड समितीसाठी सरांनी शेरा लिहिला: हात बिचकतो, यंदा नको. आमच्या कपाटाला टेकूनच लिहिला. मी आत तडफडत होते. कारण खरा प्रकार मला ठाऊक होता आणि मला तोंड नव्हते.

सुईताईंनी मग पिस्तूल मिस्त्रीकाकांपुढे ठेवले. काका मूळचे घड्याळवाले, आता क्लबाची पिस्तुले दुरुस्त करायचे. घाई कशी ती त्यांना माहीतच नव्हती. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "फुसकी काडतुसं टाकलीत की ठेवलीत?" ताईंनी शेवटची अकरा काडतुसे वेगळ्या डबीत जपली होती.

काकांनी ती दुसऱ्या पिस्तुलात, नवी ठोकर कोऱ्या कडेवर बसावी म्हणून जुन्या ठोकरीचा वळ बाजूला फिरवून एकेक भरली. अकराच्या अकरा वाजली.

"काडतुसं निर्दोष आहेत," काका म्हणाले. "घोडं इथंच कुठंतरी पेंड खातंय."

त्यांनी पिस्तूल उघडले. काडतूस बसते ते घर घासून मेण आणि काजळी काढली. पन्नास गोळ्या झाडल्या, चार फुसक्या. स्प्रिंग बदलली. पुन्हा पन्नास, तीन फुसक्या. मी अगदी रडकुंडीला आले. अहो, मला बघा ना! शेवटी काकांनी मला चिमट्यात धरून भिंगाखाली आणले, मग नळीच्या मागच्या तोंडाशी, काडतूस बसते तिथे, भिंग नेले.

सर दाराशी येऊन उभे होते. ताई कामावर गेल्या होत्या.

"हिचं टोक चपटं झालंय," काका म्हणाले. "आणि नळीच्या कडेला हा खड्डा. खड्ड्याचं लोखंड आत फुगलंय, त्यामुळं काडतूस पुरतं बसत नाही. निम्मा जोर त्याला ढकलण्यातच जातो. हे पिस्तूल कुणीतरी रिकामं वाजवलंय, सर. शेकडो वेळा."

काडतूस असले की त्याचे मऊ पितळ माझी ठोकर झेलते. ते नसले की मी सरळ पोलादावर आपटते. आणि रोज सकाळी नवशिक्यांच्या वर्गात हे पिस्तूल कोण काढत होते? सर. त्याचा चाप सगळ्यांत हलका म्हणून. "बघा, असा दाबायचा," म्हणत टक, टक, टक. सरांचे निम्मे आयुष्य हवेच्या पिस्तुलांवर गेलेले. ती कितीही रिकामी वाजवा, त्यांना काही होत नाही. हाताला लागलेली सवय त्यांनी माझ्यावर चालवली.

सरांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "काका, नवी पिन टाका, कड घासून घ्या आणि विषय मिटवा."

"पिन टाकतो, कडही घासतो. विषय तुमचा तुम्ही मिटवा," काका म्हणाले आणि त्यांनी मला सरांच्या तळहातावर ठेवले.

दोन दिवस मी सरांच्या खिशात होते. ते सारखे मला चाचपून बघत, बाहेर काढत, परत ठेवत. तिसऱ्या दिवशी सुईताई कपाटाशी भेटल्या. डोळे सुजलेले.

"सर, तुमचंच बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "आज एका आजोबांना मी तीनदा सुई टोचली. तीनदा! ते बिचारे म्हणाले, 'असू दे गं पोरी.' माझा हातच गेलाय. मी आता येणार नाही."

सरांचा हात खिशात माझ्यापाशी आला. बोला, सर, बोला! त्यांनी मला बाहेर काढले.

"तुझा हात नाही गेला. हे बघ. हे मी केलंय."

आणि त्यांनी सगळे सांगितले. ताई रागावल्या नाहीत, त्यांनी माझ्या चपट्या टोकावर बोट फिरवले. मग म्हणाल्या, "इतके महिने मी माझ्या हाताचा संशय घेतला, सर," आणि निघून गेल्या. सर मला घेऊन तडक समितीकडे गेले. पण चार नावांची यादी सकाळीच पुढे गेली होती. संघ हुकला तो हुकलाच.

नवी पिन बसवायला काकांना अर्धा तास लागला. ताई तीन आठवड्यांनी आल्या, तेव्हा हाताचा धसका मात्र तसाच होता. मग सरांनी एक उपाय धरला. पिस्तूल ते स्वतः भरून देत. कधी जिवंत काडतूस, कधी वाजून गेलेले रिकामे, म्हणजे नव्या पिनेची ठोकर पितळावरच बसेल. आत काय आहे ते ताईंना कळू द्यायचे नाही. रिकाम्यावर घोडा पडला की बाराचा झटका नसायचा, त्यामुळे नळी खाली गेली तर बिचकलेला हात उघडा पडायचा. आठवड्यातून तीन दिवस, आठ महिने. सरांनी मला किल्ल्यांच्या जुडग्याला बांधले होते, त्यामुळे मी तिथेच असायची. माझ्या जागी दुसरी उसळताना ऐकून हेवा वाटायचा, खोटे कशाला बोलू?

तुम्ही कपाटातली वस्तू हाताळाल, तेव्हा ती कशाने झिजते ते आधी माहितगाराला विचारा. आणि ती अडली, तर चालवणाऱ्या माणसाला बोल लावण्याआधी तिला उघडून बघा. वस्तूला सुटे भाग मिळतात हो! सुईताईंच्या त्या वर्षाला मिळाला नाही.

कालचीच गोष्ट. ताईंनी श्वास सोडला, घोडा रिकाम्या काडतुसावर पडला, नुसते 'टक' झाले. नळी तसूभरही हलली नाही. सरांनी डोळे पुसले आणि पुढचे काडतूस भरले.