झीनतची फेरी

या, असं पुढं सरकून बसा. टाळ मांडीवर ठेवा, अभंग मागाहून म्हणू. मत्सराची एक गोष्ट सांगते. माणसाच्या सहा शत्रूंत हा सगळ्यात घरगुती. चुलीपाशीच बसलेला असतो.

अक्कलकोटच्या अलीकडच्या गावात बसवराज, त्याची बायको चंद्रव्वा आणि बहीण सिद्धेश्वरी राहत. सिद्धेश्वरीला लग्नाच्या नावाखाली परराज्यात नेऊन विकलं होतं. सोलापूरच्या एका संस्थेनं तिला सोडवून घरी आणलं. तेव्हापासून दर मंगळवारी संस्थेची झीनत स्कूटीवरून येई आणि ओसरीवर तिच्याजवळ बसे.

"झोप लागली का गं? जेवण जातंय का?"

आत भाकरी थापणाऱ्या चंद्रव्वाच्या जिवाचा जळफळाट होई. लग्न होऊन लेकरं मोठी झाली, पण तिला असं कुणी विचारलं नव्हतं. अंगात ताप असला तरी चूल तिचीच.

"तुज्या नणंदेचा थाट हाय बाई," शेजारीण म्हणे.

"आमी घरातच ऱ्हायलो, हीच चूक झाली की," चंद्रव्वा म्हणे.

एकदा झीनतचा फोन आला. सिद्धेश्वरी रानात होती.

"ती लई बरी हाय आता. तुमी येऊ नगा, तिला आवडत न्हाय," चंद्रव्वानं सांगून टाकलं.

अख्ख्या तालुक्याला झीनत एकटी, आणि देणगी जेमतेम पेट्रोलपुरती. ती दुसऱ्या घराकडं वळली. सिद्धेश्वरी मंगळवारी वेणी घालून ओसरीवर बसायची. पुढं पुढं तिनं वेणी घालणंही सोडलं.

या घरी आता कुणी फिरकत नाही, हे एका मध्यस्थानं हेरलं. तो स्थळ घेऊन आला.

"हुंडा नको, कपडे-दागिने त्यांचेच. लग्न तिकडंच लावू. पोरगी तेवढी लगेच पाठवा."

"बरं हुईल. गावात तोंड दाखवाय जागा न्हाय," बसवराज म्हणाला.

चंद्रव्वा चहा गाळत होती. मागच्या खेपेला हेच बोलणं झालं होतं, आणि चहा तिनंच दिला होता. तिनं वळून पाहिलं. कुणी काही न सांगताच सिद्धेश्वरी कोपऱ्यात बसून पिशवीत कपडे भरत होती.

चंद्रव्वानं ती पिशवी काढून घेतली आणि दारात जाऊन बसली.

"ही जाणार न्हाय."

"तू मधी बोलू नगं."

"मागच्या बारीला गप बसले. आन झीनत मॅडमला मीच येऊ नगा म्हणलं. जळत हुते मी हिच्यावर." तिनं तिथंच फोन लावला. "मॅडम, मी खोटं बोलले. पोलिसांना घिऊन या. दलाल हितंच बसलाय."

मध्यस्थ चपला शोधू लागला. त्या चंद्रव्वाच्या बुडाखाली होत्या. तोवर शेजारीपाजारी अंगणात जमले आणि पोलीस येईपर्यंत कुणी त्याला हलू दिलं नाही. पोलिसांच्या मागोमाग झीनतही आली.

चंद्रव्वा वेळेवर जागी झाली, ही पांडुरंगाची कृपा. पण झीनत अजून एकटीच आहे. आरतीच्या ताटात पैसे टाकता, तसा तिच्या फेरीलाही हातभार लावा. आणि हरिनाम घेताना त्या पोरीची आठवण ठेवा, जी आज कुठल्याशा ओसरीवर बसली आहे आणि जिच्या दारापर्यंत झीनत अजून पोचलेली नाही.