पिशवीकाका

"पान उलटून बघू का?"

"बघा की. माझी पिशवी उलटी केलीत तेव्हा कुठं विचारलं होतं?"

त्यांनी हात मागे घेतला आणि मग पुन्हा पुढे केला, कारण त्यासाठीच तर ते बस बदलून इथवर आले होते. वेल दाराच्या चौकटीवरून वर गेली होती, तिथून कपडे वाळत घालायच्या तारेवर आणि तारेवरून शेजाऱ्यांच्या पत्र्यावर. मुळाशी तेलाचा कापलेला डबा होता. त्यांनी एक पान दोन बोटांत धरून उलटलं. मागच्या बाजूला दाट पांढुरकी लव होती. ती त्यांनी बोटानं चाचपली. तिथेच पायरीवर बसावंसं वाटलं, पण बाईंनी बसा म्हटलं नव्हतं.

"तीच आहे," ते म्हणाले.

"मला माहीत आहे. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बागेतले नळ दुरुस्त करणाऱ्यानं. तुमच्याकडे काम करून गेला म्हणे."

"मेल्यानं नळ काही धड केला नाही, चुगली बरी वेळेवर केली."

वनस्पतिउद्यानात या गृहस्थांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. बाकी सगळे त्यांना पिशवीकाका म्हणत, अर्थात पाठीमागे. काचघरांचे ते प्रमुख. बागेतलं पानसुद्धा बाहेर जाता कामा नये, हा नियम त्यांनीच करून घेतलेला. संध्याकाळी काम सुटलं की माळी, झाडूवाल्या, पाहुणे, सगळ्यांच्या पिशव्या फाटकापाशी टेबलावर उघडल्या जात आणि सुरुवातीची काही वर्षं पिशवीकाका जातीनं उभे राहत. सापडलेली फांदी फाटकाजवळच्या चुन्याच्या पिंपात जायची. ते पिंपही त्यांच्याच डोक्यातून निघालेलं. फेकलेली फांदी कुणी उचलून लावू शकतो, चुन्यात बुडलेली लावता येत नाही. या युक्तीचा त्यांना फार अभिमान होता. माणसाला कशाकशाचा अभिमान वाटेल याचा नेम नाही.

काचघरातली ही वेल एका दरीतून आणलेली होती. पुढे धरण झालं आणि दरी पाण्याखाली गेली. वेल दुसरीकडे कुठे असल्याचं कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्यापुढे पितळी पाटी होती आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत 'एकमेव'. दुसऱ्या बागांनी तिच्या फांद्या मागितल्या होत्या. एका ठिकाणी आग लागली, कीड पडली, तर दुसरीकडे जीव राहावा म्हणून बागा अशी देवाणघेवाण करतातच. पण संचालक म्हणाले, "दोन झाल्या की एकमेव कशी राहील?" पिशवीकाकांनी मान डोलावली. मान डोलवायला काही लागत नाही.

मग काचघर समारंभांना भाड्यानं द्यायचं ठरलं. पाहुण्यांच्या बुटांना चिखल लागू नये म्हणून वेलीच्या बुंध्यापर्यंत फरशी बसवली. खाली पाणी तुंबलं. वरून हिरवीगार दिसणारी वेल खालून कुजत गेली. काकांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांनी घाईघाईनं कलमं लावली, पण ती सगळी काळी पडली.

"एकच फांदी सापडली होती तुमच्या पिशवीत," ते आता म्हणाले.

"दुसरी अंबाड्यात होती," बाई म्हणाल्या. "अंबाडा सोडून बघायचं तुम्हाला सुचलं नाही."

"म्हणजे चोरी झालीच होती."

"चोरी?" बाई हसल्या, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "छाटून तुम्ही टाकलेलं, झाडून मी गोळा केलेलं. कचरा नेला म्हणून माझी नोकरी गेली, पिशवीकाका. त्यानंतर कुणी दारात उभं करेना. बागेनं काढली म्हणजे काहीतरी केलंच असेल, असं लोक म्हणायचे. माझी सून कामावरून आली की आधी पर्स कपाटात ठेवते, मग चपला काढते. मी घरात असते ना."

इतक्या वर्षांत पिशवीकाका हे नाव तोंडावर कुणी घेतलं नव्हतं. ते त्यांनी गिळलं. मागायला आलेल्या माणसाला बरंच गिळावं लागतं.

"एक फांदी द्या, बाई. आमची मेली."

बाईंनी वेलीकडे पाहिलं. मग त्या आत जाऊन सुरी घेऊन आल्या.

"देते. पण एक अट आहे. जगली की मी नातीला घेऊन येईन. मागच्या दारानं नाही, पुढच्या फाटकातून. वेलीपुढे उभी करून सांगेन, ही तुझ्या आजीची. सुनेलाही आणीन."

"या. मी स्वतः आत नेईन तुम्हाला."

"कबूल?"

"कबूल."

बाईंनी फांदी पेराखाली तिरकी कापली, ओल्या फडक्यात गुंडाळली. "दोन डोळे मातीत राहतील असं बघा," काका सवयीनं म्हणाले. बाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

फांदी जगली. रोपघरात सगळ्यात मागच्या फळीवर काकांनी तिला तान्ह्या पोरासारखं जपलं. तिला लव असलेली नवी पानं फुटली, तसे ते कुंडी घेऊन संचालकांकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदाच ते साहेबांच्या खोलीत हसत शिरले असतील.

संचालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना काचघरात नेलं. पितळी पाटीमागे एक वेल डौलात चढली होती. कुठल्याही रोपवाल्याकडे मिळते ती, साधी. काकांच्या कालच संपलेल्या चार दिवसांच्या रजेत बसवलेली.

"लोक फोटो काढतात आणि जातात," संचालक म्हणाले. "पान उलटून कोण बघतंय?"

"पण साहेब, आता खरी आहे ना आपल्याकडे."

"ही खरी म्हटली की ती खोटी होते. मग वरून विचारतील, आधीची मेली कधी, कशानं? आणि ही आली कुठून? चोरीच्या फांदीवरून?" त्यांचा आवाज अगदी मऊ होता. "तुम्ही लवकरच निवृत्त होताय. सुखानं व्हा. ही कुंडी घेऊन जा, बागेत नको."

काकांनी कुंडी पिशवीत घातली आणि ते फाटकाशी आले. शिपायानं टेबलावर हात ठेवला.

"काका, पिशवी."

"साहेबांनीच न्यायला सांगितलंय."

"मग लेखी आणा."

लेखी कुणी देणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. शिपाई अवघडला. "रागावू नका, काका. पहिल्या दिवशी तुम्हीच शिकवलंत, खुद्द साहेबांची पिशवी असली तरी सोडायची नाही."

चांगलंच शिकवलं होतं. वाद घातला असता तर आवाज वर गेला असता, चारजण जमले असते, साहेब खिडकीत आले असते. काकांनी वाद घातला नाही. त्यांनी रोप स्वतःच्या हातानं उपटलं आणि पिंपात सोडलं. रिकामी कुंडी मात्र शिपायानं नेऊ दिली.

पुन्हा बाईंच्या दारी जायचं त्यांना धैर्य झालं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले, आणि एका सुट्टीच्या दिवशी बाईच फाटकात उभ्या राहिल्या. इस्त्रीचे कपडे, केसांना तेल, हातात पिशवी. एका बाजूला आठ-नऊ वर्षांची नात, दुसऱ्या बाजूला सून. सून खातरजमा करायला आली होती, ते तिच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं.

"जगली ना?" बाईंनी विचारलं.

काकांनी खरं सांगायचं ठरवलेलं होतं, मनात शब्दही जुळवून ठेवले होते. पण नातीनं त्यांना नमस्कार केला आणि म्हणाली, "आजीचं झाड बघायला आलोय आम्ही." ते शब्द कुठल्या कुठे गेले.

"जगली," ते म्हणाले. "चला."

काचघरात बाई पाटीसमोर थांबल्या. त्यांनी वेलीकडे पाहिलं, मग बोटानं एक पान हलकेच उलटलं. मागची बाजू गुळगुळीत होती. बाईंनी मान वळवून काकांकडे पाहिलं. काका फरशीकडे बघत होते. त्या क्षणी बाईंनी चारचौघांत त्यांच्या कानाखाली वाजवली असती तरी त्यांना बरं वाटलं असतं.

"आजी, हीच का?" नातीनं विचारलं.

बाईंनी पान सोडून दिलं. "हीच."

सुनेनं पाटी वाचली. 'एकमेव' हा शब्द तिनं दोनदा वाचला. "आई, ही तुम्ही दिलीत?" ती म्हणाली. आई ही हाक बाईंच्या कानाला नवी असावी, कारण त्यांनी आधी सुनेकडे वळून पाहिलं.

"दिली खरी," त्या म्हणाल्या.

परतताना सून त्यांच्या बरोबरीनं चालत होती, काहीबाही विचारत होती. फाटकाशी आल्यावर शिपायानं टेबलाकडे बोट दाखवलं. काका मागे राहिले होते. ते घाईनं पुढे आले, "अरे, यांची राहू दे," म्हणाले, पण तोवर पिशवी उघडली होती. आत पाण्याची बाटली, नातीचा स्वेटर आणि एक ओलं फडकं. फडक्यात फांदी होती, ताजी, पेराखाली तिरकी कापलेली.

"बाई, हे आतून घेतलंत?"

"घरून आणलंय. म्हटलं, एकीवर भरवसा नको. जोडीला दुसरी असावी."

"मग आत का नाही दिलीत?"

बाईंनी नातीकडे पाहिलं.

"आजी," नात हळूच म्हणाली, "तू तोडलीस?"

"नाही," काका म्हणाले. "तिनं नाही तोडली. ही तिच्या घरची आहे, खरी आहे. आतली ती नव्हे. आतली भलतीच आहे, पाटी खोटी आहे." आयुष्यात पहिल्यांदाच ते साहेबांविरुद्ध इतकं बोलले असतील, आणि तेही शिपायासमोर, मोठ्यानं.

शिपायाला हसू आलं. "काका, काहीतरीच काय. पितळेची पाटी आहे."

"मघाशी तर तुम्हीच आत नेलंत," सून म्हणाली. "आणि यांनीही सांगितलं, हीच म्हणून." तिचा आवाज चढला नव्हता. समजूत काढावी तशी ती बोलत होती. "असू दे. तुम्ही कशाला यांच्यासाठी खोटं बोलताय?"

काकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी फडकं उचललं, पिळलं, नीट घडी घालून पिशवीत ठेवलं. शिपायानं फांदी काकांच्या हातात दिली. "तुम्हीच टाका," तो आदरानं म्हणाला.

फाटकाबाहेर सुनेनं मुलीचा हात धरला. खांद्यावरची पर्स काढून तिनं दुसऱ्या खांद्यावर घेतली, बाईंपासून लांबच्या.