कारागिराचा भाव
त्रिफुनने गाडीखालून अंग बाहेर ओढलं, हात पँटला पुसले आणि गॅरेजच्या भिंतीवर खडूने आकडा लिहिला. नव्वद हजार.

मिलुतिनने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि आकडा पुन्हा वाचला.

"हे काय, गाडी विकत घेतोयस माझी?"

"दुरुस्तीचे आहेत ते. क्रँकचं मागचं सील गेलंय, ऑइल तिथूनच गळतंय. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय तिथे हात पोचत नाही."

"अरे कुमा, नव्वद हजार दिनार! आणि ते मला?"

मिलुतिनचा आवाज चढला त्यात नवल नव्हतं. त्रिफुन काही कुणी ऐरागैरा नव्हता, त्याचा कुम होता. लग्नात त्याच्या शेजारी उभा राहिलेला, त्याच्या एकुलत्या एक पोरीला, दुन्याला, बाप्तिस्म्याच्या वेळी हातांवर घेतलेला. कुम म्हणजे सख्ख्या भावाहून जवळचा. कुमला कुणी भाव विचारत नाही, आणि कुम तो सांगत तर मुळीच नाही. घरी गाळलेल्या आलुबुखाराच्या दारूची, राकियाची, एक बाटली नेऊन ठेवायची, दोन गप्पा मारायच्या, झालं काम.

"जड वाटत असेल तर दुसरीकडे विचार," त्रिफुन म्हणाला आणि त्याने चक्क पाठ फिरवली.

दुसरीकडे म्हणजे कुठे, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला, लाकडाच्या वखारीमागे, दुन्याचं गॅरेज होतं. बेलग्रेडला औषधशास्त्र शिकायला गेलेली पोर शिक्षण अर्धवट टाकून परत आली, याच त्रिफुनच्या हाताखाली शिकली आणि तिने स्वतःचं दुकान थाटलं. "माझी पोर आता लोकांच्या गाड्यांखाली आडवी पडणार!" असं मिलुतिन एकदाच बोलला, पण असा बोलला की आख्ख्या गल्लीने ऐकलं. तेव्हापासून त्याने त्या दुकानात पाऊल टाकलं नव्हतं. दुन्या दर रविवारी जेवायला यायची, तो तिला वाढायचा, हवापाण्याच्या गोष्टी व्हायच्या. कामाचा विषय ताटाच्या आसपासही फिरकत नसे.

इकडे गाडी गळतच होती. चर्चसमोर काळा डाग, पोस्टासमोर काळा डाग. खानावळीच्या मालकिणीने तर त्याच्या नेहमीच्या जागेवर पुठ्ठाच अंथरून ठेवला होता. "मिलुतिन दिवसभर कुठे कुठे उंडारला ते मला डागांवरून कळतं," असं ती चारचौघांत सांगायची. तीस वर्षं प्रवाशांनी भरलेली बस घाटातून चालवलेला माणूस तो. असलं ऐकून घ्यायचं म्हणजे त्याचा जीव जायचा.

दुसऱ्या दिवशी तो हमरस्त्यावरच्या मोठ्या गॅरेजात गेला. तिथला टायवाला मॅनेजर गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि लाखाच्या वरचा आकडा बोलला.

"खरं सांगू का? भंगारात द्या ही."

"भंगारात तुम्ही जा!" मिलुतिन म्हणाला आणि निघाला.

तो माणूस हसला. दारापर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "इतका जीव आहे गाडीवर, तर एक करा. मी सांगितलं म्हणू नका. तुमच्याच गावात एक बाई आहे, वखारीमागे. आमच्याकडे जे जमत नाही ते आम्हीच गुपचूप तिच्याकडे पाठवतो. तिने सील बसवलं की नंतर थेंब पडत नाही."

मिलुतिन टोपी हातात फिरवत राहिला.

"कोण बाई?"

"दुन्या म्हणतात."

"मला जरा कमी ऐकू येतं. काय पडत नाही म्हणालात?"

"थेंब! थेंब पडत नाही!"

"आणि तुम्ही? एवढ्या मोठ्या गॅरेजातले? तुम्ही पाठवता तिच्याकडे?"

"अहो, हो म्हणतोय ना. हातात कसब आहे त्या पोरीच्या. बाप मात्र खुळा आहे म्हणे. कधी तिच्या दारात गेला नाही."

"खुळाच असणार," मिलुतिन म्हणाला.

गाडीत बसून त्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही. अभिमानाने छाती फुगली होती आणि त्याच वेळी लाजेने कान तापले होते. असं दोन्ही एकदम त्याला कधी झालं नव्हतं. मग त्याने गाडी सरळ वखारीकडे घेतली.

दुन्या एका ट्रॅक्टरच्या इंजिनात वाकलेली होती. ट्रॅक्टरचा मालक, एक जाडजूड शेतकरी, बाजूला बसून सफरचंद खात होता. बापाची निळी गाडी आत येताना बघून दुन्याचा हात थांबला. मग तिने पाना खाली ठेवला, गाडी जॅकवर घेतली आणि खाली शिरली.

"बाबा, जरा टॉर्च धरा."

त्याने धरली.

"गळतंय तिथे धरा. माझ्या डोळ्यांवर काय धरताय!"

त्याने मुकाट्याने हात सरळ केला. एरवी त्याला असं कुणी बोललं असतं तर त्याने टॉर्च तिथेच टाकून दिली असती.

दुन्या बाहेर आली. तिने कितीतरी वेळ फडक्याने हात पुसले.

"पंच्याण्णव हजार."

"काय? त्रिफुन नव्वद म्हणतोय!"

"मग न्या त्यांच्याकडे."

"अगं, बापाला भाव सांगतेस?"

दुन्याने फडकं खांद्यावर टाकलं. "बाबा, घरचं काम म्हणून आला असाल तर मला एक दिनार नको. रविवारी जेवण झाल्यावर अंगणात करून देते, कुणाला कळणारही नाही. पण दुकानात आला असाल, तर हे माझं दुकान आहे आणि हा माझा भाव आहे."

मिलुतिनने प्रथमच इकडेतिकडे पाहिलं. पाने आकाराप्रमाणे ओळीने टांगलेले. फरशी स्वच्छ. मागे तीन गाड्या नंबर लावून उभ्या, त्यातली एक पोलिसांची. शेतकऱ्याने सफरचंद खायचं थांबवलं होतं.

मिलुतिनने पँट वर ओढली आणि घसा खाकरला.

"सत्तर," तो म्हणाला.

दुन्या बघतच राहिली. घरच्या माणसाशी या गावात कुणी घासाघीस करत नाही. घासाघीस करतात ती कारागिराशी, आणि तीही ज्याच्यावाचून अडतं अशाच कारागिराशी. हळूहळू तिच्या तोंडभर हसू पसरलं.

"त्र्याण्णव. ऑइलचे वेगळे."

"दरोडेखोर आहेस! पंचाहत्तर."

"बाबा, अहो, काम किती आहे बघा तरी..."

"गिऱ्हाइकाला बाबा म्हणायचं नाही. ऐंशी!"

"ऐंशी. ऑइलसकट," दुन्या म्हणाली आणि तिने पुसूनही काळाकुट्टच राहिलेला हात पुढे केला.

त्याने तो घट्ट धरला आणि गुरांच्या बाजारात हलवतात तसा जोरजोरात हलवला. शेतकरी उठला. त्याने रीतीप्रमाणे दोघांच्या हातांवर वरून थाप मारून ते सोडवले, आणि सौदा पक्का झाला.

शनिवारी गाडी खानावळीसमोर उभी होती. मिलुतिनने सगळ्यांना राकिया सांगितली, मागच्या टेबलावर बसलेल्या त्या ट्रॅक्टरवाल्यालाही.

"काय रे," त्रिफुनने विचारलं, "किती घेतले पोरीने?"

"पंच्याण्णव हजार," मिलुतिन म्हणाला. चुलीपाशी उभ्या मालकिणीलाही ऐकू गेलं.

"पंच्याण्णव! अरे कुमा, मी तर तू एकदाचा तिच्या दारात जावास म्हणून मुद्दाम चढवून सांगितले होते!"

मागच्या टेबलावरच्या ट्रॅक्टरवाल्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मिलुतिन लगबगीने उठला आणि त्याचा ग्लास काठोकाठ भरला.

"घासाघीस केली, हातापाया पडलो," तो सगळ्यांकडे वळून म्हणाला. "एक दिनार सोडला नाही. सख्ख्या बापाला! आख्ख्या जिल्ह्यात तिच्याइतकं महाग कुणी नाही."