उपलब्ध खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. कितीतरी वर्षे माझ्या अंगावर एक ओरखडाही नव्हता, आणि चाकांच्या खुर्चीला याहून मोठी लाज नाही.

माझा जन्म मिरजेतला. तिथल्या कारखान्यात माझ्या नळ्या वाकवल्या, पाठीला निळं रेक्झिन चढवलं. माझ्या भावंडांना दवाखान्यांनी नेलं. ती झिजली, दुरुस्त झाली, पुन्हा कामाला लागली. मला मात्र कडेगावजवळच्या एका महाविद्यालयाने घेतलं, कारण तिथे नॅक येणार होती.

नॅक म्हणजे काय, हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. दर काही वर्षांनी महाविद्यालयाने आपलं बरंवाईट आपणच तपासून अहवाल लिहायचा. मग दुसरीकडचे प्राध्यापक येऊन पाहणार, लिहिलंय ते खरं आहे का. त्यावर श्रेणी मिळते. कल्पना किती चांगली, नाही का?

अहवाल तिथले प्राध्यापक जयराज सरांनी लिहिला. माझ्यासाठी त्यात एकच ओळ होती, 'दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी चाकांची खुर्ची उपलब्ध.' समिती आली, मला पाहून मान डोलावून गेली. ती गेल्यावर शिपाई नानासोंनी मला जिन्याखालच्या खोलीत ढकललं आणि कुलूप घातलं. झाले मी उपलब्ध! खंडेनवमीला तेवढं दार उघडे, चाकांना हळदकुंकू लागे, झेंडूची माळ पडे. बसायला मात्र कोणी नाही. वैताग येणार नाही तर काय होईल?

पुढे विज्ञान शाखेला आसिया आली. तिचे पाय लहानपणापासून अधू, दोन्ही काखांत कुबड्या. तिची प्रयोगशाळा लांबलचक व्हरांड्याच्या पार टोकाला. ती दमून पोचेपर्यंत प्रयोग अर्धा झालेला असे आणि हजेरी हुकलेली असे. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं. एकदा तिने माझ्या दारासमोरच सरांना गाठलं.

"सर, ती खुर्ची लॅबपर्यंत तरी द्या की."

"अगं, ती नॅकची खुर्ची हाय," सर म्हणाले. "मोडली बिडली तर समितीला काय दाखवू?"

मी आतून ऐकत होते. माझ्या चारही चाकांना राग आला, पण चाकांच्या रागाला विचारतो कोण?

तिचे वडील वजीरभाई तिला रोज गाडीवरून सोडायला येत. एके दिवशी जिन्यापाशी ते म्हणाले, "आसिया, तुजे हे हाल बघवत न्हाईत गं. पुढच्या वर्षी नको येऊस." कुबड्यांचा आवाज तेवढा लांब जात राहिला. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

आणि पुन्हा नॅक आली. सकाळी सरांनी स्वतः कुलूप काढलं, मला पुसलं आणि आसियाला बोलावलं. "आज बस हां यात. समिती येईपर्यंत हलू नकोस." ती बसली. माझ्या आयुष्यात बसलेलं पहिलं माणूस!

समितीच्या प्रमुख कर्नाटकातल्या एक वयस्कर प्राध्यापिका होत्या. त्यांनी तोडक्या मराठीत विचारलं, "बाळ, ही खुर्ची रोज मिळते तुला?"

सगळे आसियाकडे बघू लागले. सरांनी डोळ्यांनी खुणावलं. आसिया शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुमी रोज येत जावा. मग रोज मिळंल."

बाईंनी जिन्याखालच्या खोलीच्या दाराला लटकलेलं कुलूप पाहिलं. "हे कशाला?"

"खुर्ची चांगली राहावी म्हणून, मॅडम," सर म्हणाले.

"कुणासाठी?"

दुपारी नानासोंनी त्या दाराची कडीच उखडून काढली. "लय झालं हे," एवढंच ते पुटपुटले.

श्रेणी कोणती मिळाली ते मला ठाऊक नाही. आसिया मात्र वेळेवर प्रयोगाला पोचू लागली, तिची हजेरी भरली आणि ती परीक्षेला बसली. आता माझं रेक्झिन फाटलंय, एक ब्रेक ढिला झालाय, उजवं चाक कुरकुरतं. सर मला पाहून अजूनही हळहळतात. त्यांना कोणी सांगावं!

मित्रांनो, वस्तू जपाव्यात असं तुम्हाला शिकवतात. मला जपायचंच असेल, तर चाकांत दोन थेंब तेल सोडा, आणि ज्याला माझी गरज आहे त्याला 'उपलब्ध आहे' असं सांगू नका. त्याला म्हणा, बस.