दालेतचा रेश

माझ्या धाकट्या जावेनं माझ्या वर्गात नाव घातलं, तेव्हा ही बया शिकायला येत नाहीये याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

आमच्या ज्यू समाज केंद्रात शिरल्या शिरल्या समोर सूचनाफलक आहे. सोमवारी खुर्चीत बसून करायचे व्यायाम, मंगळवारी हिब्रू, बुधवारी गाण्याचा गट, गुरुवारी बुद्धिबळ आणि रक्तदाब तपासणी, रविवारी मुलांची चित्रकला. शुक्रवारी दुपारपासून शनिवारभर कुलूप. प्रत्येक कार्यक्रमाखाली एक कागद, आणि कागदावर येणाऱ्यांची नावं. या फलकावर राज्य आमच्या व्यवस्थापकांचं. त्यांना सगळे पाठीमागे 'नोटीस' म्हणतात, कारण काही सांगायचं असलं की ते तोंडानं सांगत नाहीत, चिकटवतात. नळ टपकायला लागला तर दुरुस्त करत नाहीत, 'नळ टपकतो' असं चिकटवतात.

त्या महिन्यात त्यांनी चिकटवलं होतं की महिनाअखेर ज्या वर्गाला आठ नावं नसतील तो वर्ग बंद, आणि त्याची खोली टेबल टेनिसला. माझ्या कागदावर सात होती. एक म्हातारे शिंपी. दाताचे डॉक्टर आणि त्यांची बायको. कपडे धुऊन इस्त्री करून देण्याचं दुकान चालवणाऱ्या दोघी बहिणी, ज्या दुकानात बसायला जागा नाही म्हणून माझ्याकडे येऊन बसतात. एक कुलूपवाला. आणि एक निवृत्त नर्सबाई, ज्या पहिल्या दहा मिनिटांत झोपतात.

हसू नका. एकोणीस वर्षं मी हा वर्ग घेतेय. नवरा गेला, मुलं लांब गेली, घरात मी आणि रेडिओ. मंगळवारी चार ते साडेपाच मला सात माणसं 'बाई' म्हणतात. उरलेले सहा दिवस मला कुणी काहीच म्हणत नाही. तो वर्ग गेला असता तर मी सकाळी वेणी कुणासाठी घातली असती ते मला माहीत नाही.

तर मी फलकापाशी उभी राहून ती सात नावं पुन्हा पुन्हा मोजत होते, तेवढ्यात धाकटी आली. पेन मागितलं, तेही माझ्याचकडे, आणि सातव्या नावाखाली आपलं नाव लिहिलं.

"हे काय?" मी म्हणाले.

"आठवं नाव, जाऊबाई. मोजून बघा."

"तुला कशाला हवंय हिब्रू? जन्मभर प्रार्थनेचं पुस्तक उघडून नुसते ओठ हलवलेस."

"म्हणूनच. आता ओठ दुखायला लागले."

ऑफिसच्या काचेआडून नोटीस बघत होते. "आठ झाली की," ते म्हणाले, आणि टेबल टेनिसचं टेबल घडी घालून उचलून नेल्यासारखा चेहरा केला.

जावा जावा, उभा दावा असं म्हणतात. आमचा दावा एकतीस वर्षांचा होता. ती बुधवारचा गाण्याचा गट चालवायची आणि मंगळवारी मुद्दाम शेजारच्या खोलीत येऊन पियानोवर बोटं आपटायची. मी एकदा तिच्या गटाच्या आवाजाबद्दल लेखी तक्रार केली, ती नोटिशींनी फलकावरच लावली, आणि चार महिने आम्ही एकमेकींना जिन्यात वाट दिली नाही. सात वर्षांपूर्वी तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, वारला तेव्हा जरा शांतता झाली. त्याच्या कबरीच्या दगडावरचा हिब्रू मजकूर मीच लिहून दिला होता. घरात दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. पण शांतता काही टिकली नाही.

आता तिचं नाव खोडावं तर वर्ग बुडतो, ठेवावं तर ती वर्गात बसते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ठेवलं.

पहिल्या मंगळवारी ती पुढच्या खुर्चीवर बसली. दोनशे पानी वही आणली होती. बावीस अक्षरांसाठी दोनशे पानी वही, आणि ती उघडली डावीकडून.

"हिब्रूत वही त्या बाजूनं उघडत नाहीत," मी सगळ्यांदेखत म्हणाले. "इथं शेवट वाटतो तिथं सुरुवात असते. एवढं तरी माहीत असायला हवं होतं."

दोघी बहिणी खुदकन हसल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? धाकटीनं वही उलटी केली आणि पहिलं अक्षर, आलेफ, लिहायला घेतलं. ती गप्प बसते तेव्हा कुठंतरी पाणी मुरत असतं हे मला एकतीस वर्षांत कळलेलं होतं, पण त्या दिवशी मी जिंकण्यात गुंग होते. आलेफचं एक पान, बेथचं एक पान. हात चांगला होता तिचा. मी तरी चुका काढल्या, आणि तिनं ती दोन्ही पानं पुन्हा लिहिली.

दुसऱ्या मंगळवारी गिमेल आणि दालेत होतं. मी फळ्यावर दालेत काढलं.

"वर आडवी रेघ, उजवीकडून खाली उभी रेघ. दोघी भेटतात तिथं कोपरा. आडवी रेघ कोपऱ्याच्या बाहेर जराशी डोकावते."

"किती डोकावते?" धाकटीनं विचारलं.

"नखाएवढी."

"आणि कोपरा नसला तर?"

"तर ते दालेत नाहीच. ते रेश. ते पुढं येईल, विसावं अक्षर. रेशला कोपरा नसतो, नुसतं वळण असतं."

"म्हणजे आपल्या घ आणि ध सारखं," शिंपी म्हणाले. "हात घाईत असला की एकाचं दुसरं होतं."

"हात घाईत नसतो, डोकं जागेवर नसतं," मी म्हणाले, आणि मग दरवर्षी या धड्याला म्हणते ते वाक्य म्हणून मोकळी झाले. "ज्याला हा कोपरा दिसत नाही, त्यानं हिब्रूला हात लावू नये. घरी बसून लोकर विणावी."

सगळे हसले. या वाक्याला एकोणीस वर्षं हसताहेत. धाकटी हसली नाही. तिनं वाक्य वहीत लिहून घेतलं.

तिसऱ्या मंगळवारी ती कागदाची मोठी गुंडाळी घेऊन आली. मला न विचारता तिनं चार टाचण्या लावून तो कागद फळ्याशेजारच्या लाकडी फळीवर ताणून बसवला. दगडावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की अक्षरं उमटतात, तसा तो कागद होता. सगळा करडा, आणि त्यात पांढऱ्या हिब्रू ओळी. पहिली ओळ मी लगेच ओळखली.

"हे वाचून दाखवा ना, बाई," ती म्हणाली. तिनं मला 'बाई' म्हणण्याची ती पहिली वेळ.

"आज पाचवं अक्षर आहे. ते काढून टाक."

"आधी हे."

दाताच्या डॉक्टरांनी चष्मा लावला. माझ्याकडे त्यांचं चौथं वर्ष, वर्गातले सगळ्यांत हुशार. ते उत्साहानं पुढं झाले आणि बोट लावून वाचू लागले. "ईश... हा... हासेर. ईश म्हणजे माणूस. हासेर म्हणजे कमी असलेला. उणा." त्यांनी शाबासकीसाठी माझ्याकडे बघितलं. "उणा माणूस. बरोबर ना, बाई?"

मी फळ्याकडे वळून पाचवं अक्षर काढायला घेतलं.

"मला जाऊबाईंनी सांगितलं होतं, ईश हेसेद," धाकटी वर्गाला म्हणाली. "मायाळू माणूस. यांच्या कबरीच्या दगडावर आहे हे. सात वर्षं मी जाते आणि त्या ओळीवरून हात फिरवून येते. मागच्या वर्षी बाहेरगावाहून यांचे एक मामा आले होते. त्यांनी वाचलं आणि मला विचारलं, याच्यावर कुणाचा राग होता का? मी हसले. मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय."

मग तिनं पर्समधून एक चिठ्ठी काढली. केंद्राच्या जुन्या वेळापत्रकाचा फाडलेला तुकडा, मागच्या कोऱ्या बाजूला माझं अक्षर. "पाथरवटानं जपून ठेवली होती. म्हणाला, मी जसं दिलं तसं कोरलं." तिनं चिठ्ठी माझ्यासमोर धरली. हिब्रूत स्वर लिहीत नाहीत, हेसेद आणि हासेर यांत फरक काय तो शेवटच्या अक्षराचा. त्याला कोपरा नव्हता. गुळगुळीत वळण होतं, लहान मुलालाही दिसेल असं.

खरं काय ते इथं सांगते, कारण तिथं सांगितलं नाही. ती चिठ्ठी मी ऑफिसच्या खिडकीशी उभ्यानं लिहिली होती, पाच मिनिटांत. चष्मा घरी राहिला होता आणि पाथरवटाचा माणूस दारात खोळंबला होता. चूक झाली, बस. दगड बसवला त्या दिवशी मला ती दिसली. केंद्रातली निम्मी माणसं भोवती उभी होती, आणि मी त्यांची हिब्रूची बाई. तोंड उघडलं नाही. उद्या सांगू म्हटलं, मग पुढच्या महिन्यात. मग तर मला ते वळण आवडायलाच लागलं. दीर जेवताना चारचौघांत म्हणायचा, "वहिनी, हिब्रू काय, पोपटालाही येतं." बस मग उणा म्हणून, असं मी दगडाकडे बघून कितीदा तरी मनात म्हटलंय.

"एवढंच सांगा, जाऊबाई," धाकटी म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिनं. "चूक झाली, की धचा मा केलात?"

नर्सबाई जाग्या झाल्या होत्या. दारात नोटीस उभे होते. दर मंगळवारी डोकी मोजायला येतात तसे आले होते आणि मोजायचं विसरले होते. धाकटीची वही तिच्या मांडीवर उघडी होती. ज्याला हा कोपरा दिसत नाही, त्यानं हिब्रूला हात लावू नये. माझंच वाक्य, तिच्या चांगल्या अक्षरात.

चूक म्हणावं, तर याच खोलीत मी एकोणीस वर्षं जे शिकवलं ते मलाच येत नाही असं होतं. मुद्दाम म्हणावं, तर मी मेलेल्या माणसावर सूड उगवणारी बाई. मी खरंच विचार केला, अगदी दोन श्वास. वाईट बाई म्हणून मला जगता येतं, सवय आहे. अडाणी बाई म्हणून फळ्यापुढं उभं राहता येणार नाही.

"मुद्दाम," मी म्हणाले. "मला दालेत काढता येत नाही असं वाटलं तुला? मुद्दाम काढलं मी ते."

धाकटीनं एकेक टाचणी काढली आणि कागदाची गुंडाळी केली. दारापर्यंत गेली, मग वळली.

"चूक झाली म्हणाला असतात ना, तर मी खाली बसून पाचवं अक्षर लिहायला घेतलं असतं. दोनशे पानी वही उगाच नव्हती आणली. सगळी अक्षरं शिकायची होती मला." तिनं गुंडाळी काखेत धरली. "यांच्यासाठी वाचायला यावं असं वाटत होतं. पण आता एकच अक्षर पुरे."

बाहेर फलकावर तिनं आपलं नाव खोडल्याचा आवाज आला. पेन जोरात ओढलं की कागद किरकिरतो, तो आवाज. नोटिशींना काही चिकटवावंच लागलं नाही. शिंप्यांनी आपली पट्टी, पेन्सिल, रबर एक एक करून डबीत ठेवलं आणि म्हणाले, "बाई, गेलेल्या माणसाशी?" दोघी बहिणी पुढच्या बुधवारपासून गाण्याला जाऊ लागल्या. दाताचे डॉक्टर मला रस्त्यात भेटतात तेव्हा मान हलवतात, पण 'बाई' म्हणत नाहीत.

महिन्याभरानं डॉक्टरांच्या बायकोकडून कळलं की धाकटीनं दगड दुरुस्त करून घेतला. पाथरवटानं विचारलं, अक्षर लिहून कोण देणार? तिनं त्याच्यासमोर बसून स्वतःच काढून दिलं.

पुढच्या मंगळवारी चार वाजता मला काही काम नव्हतं. केंद्रावरून गेले तेव्हा माझ्या खोलीतून चेंडूची टकटक येत होती. मी सरळ कबरस्तानात गेले. चष्मा नेला होता या वेळी. रुमालानं ओळ पुसली आणि वाकून पाहिलं. वळणाच्या जागी छिन्नीचे ताजे, पांढरे घाव होते. कोपरा टोकदार, आणि आडवी रेघ बाहेर डोकावलेली, बरोबर नखाएवढी.

पंधरा मिनिटं मी तिथं उभी राहून चूक शोधत होते. सापडली नाही.