नंदूचे एकवीस महिने

मित्रांनो, बसा, पण जरा हळू. मी एक जुनी सीट आहे, कंपनीच्या बसमधली अगदी मागची, पाच जणांची लांब सीट. माझ्या स्प्रिंगा दमल्या आहेत आणि मीही दमले आहे. माणसांचं वजन मी जन्मभर पेललं, त्यांचं बोलणं मात्र आता पेलवत नाही.

इथेच आखातात, वादी कबीरच्या एका वर्कशॉपमध्ये माझ्यावर तपकिरी रेक्झिन चढलं. नऊ वर्षं मी कामगारांना कॅम्पवरून रुसैलच्या फॅक्टऱ्यांत नेलं आणि परत आणलं. माझ्यावर आडवं होता यायचं, म्हणून पहाटे सगळे आधी मागे धावायचे. तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! पुढे बस भंगारात निघाली. ड्रायव्हर जाफरला माझी दया आली. त्याने मला पान्याने सोडवलं आणि कॅम्पमागच्या मैदानाकडेला, गाफच्या झाडाखाली आणून ठेवलं. इथे दर शुक्रवारी सकाळी कंपन्यांच्या टीमचे क्रिकेटचे सामने होतात.

तेव्हापासून माझ्यावर तिघे ठरलेले. कॅम्पचं किराणा दुकान चालवणारे रत्नागिरीकडचे हुसेनभाई, हजेरी लिहिणारे जनार्दन आणि हा जाफर. तिघांपैकी एकानेही कधी बॅट धरलेली नाही. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. कोणाला काढा, कोणाला आणा, सगळं माझ्यावर बसून ठरायचं.

आणि मित्रांनो, इथे खेळाडू खरोखरच बदलून मिळतो. आमची टाइल्सची फॅक्टरी, शेजारची पाइपची आणि दूर सोहारची, तिन्ही एकाच अर्बाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या, घराण्यातल्या. मालक एकाच घरातले, त्यामुळे एकीकडचा फिटर देऊन दुसरीकडचा वेल्डर सहज घेता येतो. २०१५च्या मे महिन्यात आमचा विकेटकीपर यासिर पाइपवाल्यांना दिला आणि त्याच्या बदल्यात नंदू आला. देवगडकडचा फिटर, डावखुरा फास्ट बोलर.

पहिल्या वर्षी नंदूने बावीस विकेट काढल्या. तिघे खूश झाले, हुसेनभाईंनी त्याला दुकानातून गार लबान, म्हणजे इथलं ताक, पाजलं. दुसऱ्या वर्षी मात्र तो फिका पडला. अकरा सामने आणि विकेट फक्त सात. तिकडे यासिर शुक्रवारमागून शुक्रवार धावा करत होता. मग काय, यासिर असता तर, हे पालुपद सुरू झालं. जनार्दन म्हणायचे, आपण फसलो. जाफर म्हणायचा, सोहारला देऊन टाकू, तिकडे एक चांगला ओपनर आहे. हुसेनभाई तर त्याच्या प्रत्येक ओव्हरला कपाळावर हात मारून घ्यायचे.

मला मात्र एक ठाऊक होतं. सामना संपला की नंदू माझ्या कडेला टेकून बूट काढायचा. पूर्वी उठताना तो डाव्या हाताने मला दाबायचा. त्या वर्षी ऑगस्टपासून तो उजव्या हाताने उठू लागला. डावा हात मांडीवर तसाच ठेवायचा. माझं उजवीकडचं रेक्झिन त्याच्या तळव्याने विरत गेलं. मी काय सांगणार? सीटला तोंड नसतं आणि ज्यांना असतं ते बघत नाहीत.

मार्चमध्ये मॅनेजरसाहेब स्वतः येऊन माझ्यावर बसले. सोहारचा ओपनर मिळतोय, नंदूला तिकडे पाठवू का, असं त्यांनी सहज विचारलं. जनार्दन आणि जाफर हसले. हुसेनभाई म्हणाले, "पाठवा साहेब. तो इथे राहून काय उपयोगाचा?"

बुधवारी बदलीचे कागद झाले. शुक्रवारी नंदू बॅग घेऊन माझ्याकडे आला, कारण सोहारची गाडी इथूनच सुटणार होती. हुसेनभाईंनी त्याच्या हातात लबानची बाटली दिली. त्यांचा काही त्याच्यावर राग नव्हता. गाडी आली, तसा तो उजव्या हातावर भार देऊन उठला आणि या वेळी हुसेनभाई अगदी शेजारी होते.

"डाव्या हाताला काय झालं रे?"

"खांदा गेला, हुसेनभाई. ऑगस्टमध्ये प्रेसचा साचा ओढताना."

"मग बोललास का नाही?"

"न खेळणाऱ्याला लगेच बदलतात. एका कंपनीत दोन वर्षं भरली की घरी जायला रजा मिळते, माझी मे महिन्यात भरत होती. म्हटलं, तेवढं रेटू." त्याने बाटली बॅगेत ठेवली. "पाइपवाल्यांकडे अठरा महिने झाले होते, ते इकडे आल्यावर गेले. आता हे बावीसही गेले. सोहारला नवा कागद, परत एकपासून. मी घरून आलो तेव्हा मुलगी पोटात होती. आता तीन वर्षांची आहे."

हुसेनभाई दुसऱ्याच दिवशी मॅनेजरसाहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, खलास, सही झाली. परत येऊन हुसेनभाईंनी हे सगळं माझ्यावर बसून सांगितलं. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला.

नव्या ओपनरने पहिल्याच सामन्यात बासष्ट धावा केल्या. जाफर म्हणाला, सौदा फायद्याचा झाला. हुसेनभाईंनी मात्र कपाळावर हात मारणं सोडलं. आता सोहारहून माल घेऊन ड्रायव्हर मजीद येतो, तेव्हा ते त्याला विकेटबद्दल विचारत नाहीत. एवढंच विचारतात, नंदूला किती महिने झाले? गेल्या आठवड्यात मजीद म्हणाला, एकवीस. शिवाय हेही म्हणाला, की तिकडची टीम यंदा हरतेय आणि बोलर बदलायच्या गोष्टी चालल्या आहेत.

मित्रांनो, माझं फाटलेलं रेक्झिन शिवू नका, मला सावलीत सरकवू नका, माझं काही मागणं नाही. पण सोहारच्या मैदानाकडेलाही माझ्यासारखी एखादी सीट असेलच आणि तिच्यावर असेच तिघे बसत असतील. तुमच्यापैकी कोणी तिकडे जाणार असेल, तर त्यांना सांगा, अजून तीन महिने नंदूबद्दल काही बोलू नका.